ताकद इंजिनाची, परीक्षा ॲक्सलची

मोटारीच्या ताकदीची चर्चा निघाली की ती इंजिनापाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. किती सिलिंडर, किती अश्वशक्ती, ताशी शंभर किलोमीटरचा वेग किती सेकंदांत, हे प्रश्न शौकिनांच्या जिभेवर असतात. इंजिनात जन्मलेली ही शक्ती रस्त्यापर्यंत पोहोचवणारा शेवटचा दुवा कोणता आणि तो ती पेलू शकेल काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. कारखान्यातून आलेली मोटार विकत घेणाऱ्याला त्याची गरजही नसते. ते काम अभियंत्यांनी आधीच केलेले असते. पण जो माणूस आपल्या घराच्या गॅरेजमध्ये, सुटीच्या दिवशी, स्वतःच्या हातांनी स्पोर्ट्स कार बांधायला घेतो त्याला या प्रश्नाचे उत्तर स्वतःच शोधावे लागते. त्या उत्तराचे नाव आहे मागचा ॲक्सल.

या निवडीत चूक झाली तर पैसा आणि काही महिन्यांची मेहनत वाया जाते, एवढ्यावरच भागत नाही. अशा छोट्या, दोन आसनी मोटारींमध्ये चालकाची बैठक मागच्या ॲक्सलच्या पुढे हातभर अंतरावर असते आणि इंजिनाकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट त्याच्या कमरेला जवळजवळ घासून जातो. तेथे भरधाव वेगात काही तुटले, तर त्याचा परिणाम प्रथम चालकाला आणि शेजारी बसलेल्याला भोगावा लागतो.

हौसेची जुनी परंपरा

घरी मोटार बांधण्याचा हा छंद मुख्यतः ब्रिटनमध्ये रुजला. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ ही अत्यंत हलकी मोटार आणली. ती सुट्या भागांच्या स्वरूपात विकत घेऊन घरी जोडता येत असे, आणि तसे केल्यास तयार मोटारीवर लागणारा खरेदी कर वाचत असे. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनच्या उत्पादनाचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. छंद मात्र टिकला. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी हे सांगणारे पुस्तक लिहिले. लोखंडी चौकोनी नळ्यांची चौकट स्वतः जोडायची आणि उरलेले भाग भंगारात निघालेल्या फोर्ड एस्कॉर्टमधून काढायचे, अशी त्यातील कल्पना होती.

या परंपरेतील मोटारींचा सांगाडा नवा असला, तरी ॲक्सल बहुधा दुसऱ्याच मोटारीचा असतो. एका कुटुंबाला बाजारहाटाला नेण्यासाठी तयार झालेला ॲक्सल दुप्पट-तिप्पट ताकदीच्या इंजिनामागे बसवला जातो. अडचणीचे मूळ तेथेच आहे. खुद्द लोटसलाही ही अडचण चुकली नाही. सेव्हनच्या १९६० मधील दुसऱ्या आवृत्तीत स्टँडर्ड कंपनीच्या लहान मोटारीचा ॲक्सल वापरला होता. याच कंपनीची ‘हेरल्ड’ पुढे मद्रासमध्ये तयार होत असे. ॲक्सलला जागेवर धरून ठेवणारी त्रिकोणी पट्टी चॅपमन यांनी त्याच्या मधल्या गोल पेटीच्या तळाशी जोडली. ही रचना हलकी आणि स्वस्त होती. पण त्या पेटीवर असा ताण येईल असे तिच्या मूळ निर्मात्याने कधी गृहीत धरलेले नव्हते. परिणामी पेटीचे सांधे हलू लागले आणि तेल गळू लागले. पुढे १९६८ च्या तिसऱ्या आवृत्तीत फोर्डचा अधिक भक्कम ॲक्सल आला.

ॲक्सल नेमके काय करतो?

मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झालेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ज्यांनी मागून पाहिली असेल, त्यांना मागचा ॲक्सल ठाऊक आहे. दोन्ही चाकांना जोडणारी आडवी पोकळ नळी आणि तिच्या मध्यभागी भोपळ्यासारखी फुगीर पेटी, असे त्याचे रूप. या पेटीत तीन कामे एकाच वेळी चालतात.

पहिले काम दिशा बदलण्याचे. इंजिनाकडून येणारा शाफ्ट मोटारीच्या लांबीच्या दिशेने असतो, तर चाके आडव्या आसावर फिरतात. ‘पिनियन’ हे लहान दंतचक्र आणि ‘क्राऊन’ हे मोठे दंतचक्र मिळून हा काटकोन साधतात. दुसरे काम वेग कमी करून जोर वाढवण्याचे. क्राऊनला ४१ आणि पिनियनला ११ दाते असतील, तर पिनियनच्या सुमारे पावणेचार फेऱ्यांत चाक एकदा फिरते आणि चाकावरचा जोर तेवढ्याच पटीने वाढतो. ४१ आणि ११ यांसारखे, एकमेकांना भाग न जाणारे आकडे मुद्दाम घेतलेले असतात; त्यामुळे एका चक्राचा प्रत्येक दात दुसऱ्या चक्राच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भेटतो आणि झीज सर्वत्र सारखी होते.

तिसरे काम डिफरन्शियलचे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर त्यांतील एक फरफटत जाईल. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२० च्या दशकातच यावर उपाय शोधला. क्राऊनच्या पोटात बसवलेल्या चार लहान दंतचक्रांमुळे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता येते आणि जोर मात्र सारखाच मिळतो.

१९२६ मध्ये अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने पिनियनचा आस क्राऊनच्या मध्याखाली उतरवणारी ‘हायपॉइड’ रचना मोटारींत आणली. तिच्यामुळे शाफ्ट खाली गेला, बैठक खाली आली आणि पिनियनचे दातही मजबूत झाले. मात्र या रचनेत दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, तर घसटत जातात. म्हणूनच अशा ॲक्सलला साधे इंजिन ऑइल चालत नाही. प्रचंड दाब सोसणारे खास गिअर ऑइलच लागते. जुना ॲक्सल नव्या मोटारीत बसवताना हा साधा नियम विसरला गेल्यामुळे चांगली चक्रेही निकामी होतात.

तीन घराणी

बांधणाऱ्यापुढे साधारणपणे तीन पर्याय असतात. पहिला ‘लाइव्ह ॲक्सल’, म्हणजे पद्मिनी आणि ॲम्बॅसडरच्या पठडीतला अखंड ॲक्सल. तो साधा, स्वस्त आणि दणकट असतो. दोन्ही चाके एकमेकांशी आणि रस्त्याशी कायम सरळ राहतात. त्याचा दोष वजनात आहे. स्प्रिंगच्या खाली असलेले सारे वजन खड्ड्याबरोबर उसळते. दीड टनाच्या मोटारीत पन्नास किलोचा ॲक्सल उसळला तर ती मोटार तो धक्का पचवते; सहाशे किलोच्या मोटारीत तोच ॲक्सल उसळला तर सारी मोटार हादरते आणि खडबडीत वळणावर चाके रस्ता सोडतात.

दुसरा पर्याय ‘द दिऑं’ या फ्रेंच नावाने ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस द दिऑं-बूतों या कंपनीच्या वाहनांतून तो पुढे आला. यात जड डिफरन्शियल मोटारीच्या चौकटीला बांधलेले असते आणि दोन्ही चाकांना जोडणारी फक्त एक हलकी नळी चाकांबरोबर वरखाली होते. अखंड ॲक्सलचा सरळपणा आणि स्वतंत्र रचनेचा हलकेपणा यांचा हा समझोता आहे. केटरहॅमने १९८० च्या दशकात हीच रचना स्वीकारली आणि तिच्यात फोर्ड सिएराचे डिफरन्शियल वापरले.

तिसरा पर्याय पूर्ण स्वतंत्र निलंबनाचा. येथे प्रत्येक चाक आपापल्या दांड्यांवर वरखाली होते. १९६१ मध्ये जग्वारने ई-टाइप आणि मार्क टेन या मोटारींत आणलेली अशी रचना एवढी यशस्वी ठरली की तिची सुधारित रूपे कंपनीने १९९० च्या दशकापर्यंत वापरली. घरी मोटार बांधणाऱ्यांना भंगारातल्या जग्वारमधून ती सहज मिळत असे. तिच्यात ब्रेकच्या तबकड्या चाकांजवळ नसून डिफरन्शियलला लागून असतात. त्यामुळे चाकाकडचे वजन घटते. पण ब्रेक तापले की शेजारची ऑइल सीलही तापतात आणि ब्रेकचे पॅड बदलणे हे एक दिव्य होऊन बसते. आता माझदा एमएक्स-५ आणि बीएमडब्ल्यू थ्री सिरीज या मोटारींचे मागचे भाग या कामी अधिक वापरले जातात, कारण १९८० मध्ये बंद झालेल्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या एस्कॉर्टचे ॲक्सल दुर्मिळ आणि महाग झाले आहेत.

अश्वशक्तीचा भ्रम

‘हा ॲक्सल किती अश्वशक्ती पेलेल?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. वास्तविक तो अपुरा आहे. ॲक्सलला अश्वशक्ती मोडत नाही. त्याला मोडतो तो पीळ, म्हणजे टॉर्क. आणि त्या पिळाची कमाल मर्यादा बहुतेक वेळा इंजिन ठरवत नाही, तर टायरची रस्त्यावरची पकड ठरवते.

एक हिशेब पाहू. चालकासह ६८० किलो वजनाच्या, सेव्हनच्या धर्तीच्या मोटारीत २०० न्यूटन-मीटर टॉर्क देणारे दोन लिटरचे इंजिन आहे असे समजू. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.६५ आणि ॲक्सलचे ३.९ असेल, तर ॲक्सलच्या शाफ्टपर्यंत पोहोचू शकणारा एकूण पीळ सुमारे २,८५० न्यूटन-मीटर होतो. आकडा भीतिदायक आहे. पण उभ्या मोटारीच्या मागच्या चाकांवर निम्म्याहून थोडे अधिक वजन धरले, वेग घेताना मागे झुकणारा भार त्यात मिळवला आणि साध्या रस्त्यावरच्या चांगल्या टायरची पकड हिशेबात घेतली, तर तिची चाके साधारण १,२५० न्यूटन-मीटरनंतर जागेवर फिरू लागतात. म्हणजे ॲक्सलवर इंजिनाच्या क्षमतेच्या निम्माही पीळ टिकून राहत नाही. चाके घसरतात आणि ॲक्सल वाचतो. हलक्या मोटारीत साध्या कौटुंबिक मोटारीचा ॲक्सल वर्षानुवर्षे टिकतो, त्याचे रहस्य हेच.

आता ४०० न्यूटन-मीटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, चालकासह ११८० किलो वजन आणि मोठी चाके असलेली मोटार घेऊ. तिच्या चाकांची पकड सुमारे २,४०० न्यूटन-मीटरपर्यंत टिकते. शर्यतीचे चिकट टायर लावले तर हीच मर्यादा ३,३०० च्या पुढे जाते. इंजिनात एका अश्वशक्तीचीही भर न घालता, केवळ टायर बदलल्यामुळे ॲक्सलवरचा ताण सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढला. म्हणून ॲक्सल निवडण्यापूर्वी मोटारीचे वजन किती आणि टायर कोणते, हे दोन प्रश्न इंजिनाच्या आधी विचारायला हवेत.

याला एक पुरवणी जोडणे आवश्यक आहे. इंजिन वाढवून क्लच एकदम सोडला तर फिरत्या फ्लायव्हीलचा साठलेला जोर क्षणार्धात ॲक्सलवर आदळतो, आणि हा धक्का स्थिर हिशेबाच्या किती तरी वर जाऊ शकतो. सैल झालेल्या दात्यांत आधी मोकळी जागा असेल तर तो हातोड्यासारखा बसतो. एकाच प्रकारचा ॲक्सल एकाच्या मोटारीत पंधरा वर्षे टिकतो आणि दुसऱ्याच्या मोटारीत पहिल्याच शर्यतीला तुटतो, यामागे पुष्कळदा चालकाचा डावा पाय असतो.

कोब्राने शिकवलेला धडा

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एसी कोब्राचे आहे. अमेरिकन शर्यतपटू कॅरोल शेल्बी यांच्या कल्पनेनुसार १९६२ मध्ये ‘एसी एस’ या हलक्या ब्रिटिश मोटारीत फोर्डचे ४.२ लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन बसवण्यात आले. मूळ मोटार दोन लिटरच्या इंजिनांसाठी घडलेली होती. या रूपांतरातला सर्वांत महत्त्वाचा बदल इंजिनाच्या बाजूला नव्हता. तो मागे होता. जुने ईएनव्ही डिफरन्शियल हा पीळ सोसणार नाही हे ओळखून त्याजागी जग्वार ई-टाइपमध्ये वापरले जाणारे सॅलिसबरी कंपनीचे दणकट डिफरन्शियल घेण्यात आले. पहिल्या नमुन्यात ब्रेक डिफरन्शियलला लागून होते. प्रत्यक्ष उत्पादनात खर्च कमी करण्यासाठी ते चाकांकडे नेले गेले. कोब्राच्या असंख्य प्रतिकृती आजही घरोघरी बांधल्या जातात आणि त्यांच्या निर्मात्यांना हाच निर्णय पुन्हा घ्यावा लागतो.

अमेरिकेत अशा वेळी फोर्डच्या ‘नऊ इंची’ ॲक्सलचे नाव हमखास निघते. नऊ इंच हा त्याच्या क्राऊनचा व्यास. १९५७ ते १९८६ या काळात फोर्डच्या मोटारी आणि लहान ट्रकमध्ये तो बसत असे. त्याचा पिनियन बराच खाली असल्याने दाते भक्कम बसतात आणि पिनियनच्या पुढच्या टोकालाही एक जादा बेअरिंग असते. सारी चक्रे असलेला मधला भाग पुढून बोल्ट काढून अलगद बाहेर घेता येतो. त्यामुळे गुणोत्तर बदलणे सोपे जाते. याच गुणांची दुसरी बाजू अशी की दात अधिक घसटत असल्यामुळे तो थोडी जास्त शक्ती गिळतो आणि वजनालाही भारी असतो. १९८६ पासून मस्टँगमध्ये आलेला ८.८ इंची ॲक्सल त्या मानाने हलका आणि स्वस्त आहे. मात्र त्यात चाकाचा शाफ्ट आतल्या टोकाला एका लहानशा चकतीने अडवलेला असतो. शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो. ताकदवान मोटारींत म्हणूनच ही रचना बदलून घेतली जाते.

ब्रिटनमध्ये एस्कॉर्टचा साधा ॲक्सल अपुरा पडला की तीन लिटरच्या फोर्ड कॅप्रीमधील ‘ॲटलस’ ॲक्सल घेण्याचा प्रघात होता. रॅलीच्या एस्कॉर्ट मोटारींतही तोच बसत असे. सिएराच्या बाबतीत सात इंची आणि साडेसात इंची अशी दोन डिफरन्शियल मिळतात आणि कॉसवर्थसारख्या शक्तिमान आवृत्तीला दुसरे दिलेले होते. एमएक्स-५ मध्येही सुरुवातीच्या १.६ लिटरच्या गाड्यांचे डिफरन्शियल लहान असून १.८ लिटरच्या गाड्यांचे अधिक मजबूत आहे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या मोटारींच्या पोटात असा फरक असतो. भंगारवाल्याच्या तोंडी आश्वासनावर न विसंबता पेटीवरचा क्रमांक पाहणे श्रेयस्कर.

शाफ्ट, बेअरिंग आणि चाकाची शाश्वती

पीळ सोसण्याची शाफ्टची क्षमता त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास दहा टक्क्यांनी वाढवला की ताकद तेहतीस टक्क्यांनी वाढते. त्यामुळे थोडासा जाड शाफ्ट किंवा चांगल्या मिश्रधातूचा शाफ्ट ही पुष्कळदा सारा ॲक्सल बदलण्यापेक्षा शहाणपणाची गुंतवणूक ठरते.

बहुतेक मोटारींच्या अखंड ॲक्सलमध्ये शाफ्ट दुहेरी ओझे वाहतो. तो चाक फिरवतो आणि मोटारीचे वजनही पेलतो. अशा रचनेत शाफ्ट तुटणे म्हणजे चाक गमावण्याचा धोका. ट्रकमध्ये आणि शर्यतीच्या मोटारींमध्ये चाकाचे हब ॲक्सलच्या नळीवरच स्वतंत्र बेअरिंगांवर बसवतात. शाफ्टकडे फक्त फिरवण्याचे काम उरते. असा शाफ्ट तुटला तर मोटार थांबते. पण चाक जागेवर राहते. खर्च जास्त असला, तरी फार शक्तिमान मोटारीसाठी हा फरक मोलाचा आहे.

गुणोत्तर आणि डिफरन्शियलचा प्रकार

मजबुतीनंतरचा प्रश्न गुणोत्तराचा. वरच्या हलक्या मोटारीचे चाक एका फेरीत सुमारे १.७६ मीटर अंतर कापते. ३.९ च्या ॲक्सलने, सरळ चालणाऱ्या चौथ्या गिअरमध्ये, ६,५०० फेऱ्यांना तिचा वेग ताशी सुमारे १७६ किलोमीटर होतो. ३.१४ चा ॲक्सल घेतला तर तोच वेग २१८ वर जातो. पाचव्या गिअरमध्ये ताशी ११० किलोमीटरने जाताना पहिल्या ॲक्सलने इंजिन मिनिटाला सुमारे ३,३३० फेऱ्या मारते, तर दुसऱ्याने २,६८०. डोंगराच्या वळणदार रस्त्यावर किंवा लहान ट्रॅकवर पहिला अधिक चपळ, तर लांबच्या प्रवासात दुसरा अधिक सुसह्य. हलक्या आणि भरपूर टॉर्क असलेल्या मोटारीत मोठ्या आकड्याचा मोह टाळावा, कारण तेथे पहिला गिअर केवळ टायर जाळण्यापुरता उरतो.

साध्या डिफरन्शियलचा एक दोष सर्वज्ञात आहे. दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळत असल्याने एक चाक चिखलात किंवा हवेत गेले की दुसऱ्यालाही काही मिळत नाही. अखंड ॲक्सलमध्ये ही अडचण आणखी वाढते. प्रोपेलर शाफ्टचा पीळ सारा ॲक्सलच एका बाजूला कलंडवू पाहतो. त्यामुळे एका चाकावरचा भार घटतो आणि दुसऱ्यावरचा वाढतो. वरील उदाहरणात हा फरक प्रत्येक बाजूला पंचवीस किलोपर्यंत जाऊ शकतो आणि हलक्या मोटारीत तो एक चाक गरगर फिरवायला पुरेसा असतो.

यावर ‘लिमिटेड स्लिप’ डिफरन्शियल हा उपाय आहे. क्लच प्लेटांचा प्रकार परिणामकारक असतो. पण प्लेटा झिजतात आणि खास तेल मागतात. टॉर्सन किंवा क्वाइफसारखे दंतचक्रांचे प्रकार शांतपणे काम करतात आणि फारशी देखभाल मागत नाहीत. मात्र एक चाक पूर्ण हवेत गेले की त्यांची मात्रा चालत नाही. घट्ट द्रवावर चालणारा प्रकार सौम्य असतो आणि जुना झाला की शिथिल पडतो. आतली चक्रे वेल्डिंगने कायमची जोडून टाकण्याची युक्ती फुकटात होते. पण अशी मोटार रस्त्यावर वळणे घेताना चालकाशी भांडते आणि शाफ्टांवर नको तो ताण आणते. येथेही एक सूक्ष्म मुद्दा आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये प्रत्येक शाफ्टवर निम्मा पीळ येतो. मर्यादित घसरणीच्या डिफरन्शियलमध्ये पकड असलेल्या चाकाच्या शाफ्टवर निम्म्याहून बराच अधिक पीळ येऊ शकतो. तेव्हा हे सुधारलेले डिफरन्शियल बसवताना शाफ्टही तपासले पाहिजेत.

बसवण्याचे गणित

कागदावर उत्तम असलेला ॲक्सल प्रत्यक्षात बसत नाही, असा अनुभव नवा नाही. त्याची रुंदी आधी मोजावी लागते. तो रुंद असेल तर नळ्या कापून आणि शाफ्ट आखूड करून घ्यावे लागतात. हे काम घरगुती वेल्डिंगचे नाही, कारण किंचित वाकडी जुळलेली नळी बेअरिंगे खाऊन टाकते. चाकाच्या बोल्टांचे वर्तुळही पाहावे लागते. जुन्या ब्रिटिश फोर्डचे चार बोल्ट १०८ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात. मागे पाच बोल्टांचा ॲक्सल आला, तर पुढची चाके आणि हबही बदलण्याची वेळ येते. हँडब्रेकची सोय पाहिल्याशिवाय ब्रेक बदलण्याच्या फंदात पडू नये.

डिफरन्शियल चौकटीला बांधायचे असेल तर आणखी एक भान हवे. ज्या पिळाने ते चाके फिरवते, तेवढ्याच पिळाने ते स्वतः उलट दिशेला उलथू पाहते. हजार-दोन हजार न्यूटन-मीटरची ही प्रतिक्रिया पातळ पत्र्यावर किंवा एखाद्या नळीच्या मध्यावर सोपवली तर काही महिन्यांत तेथे तडे दिसू लागतात. ज्या जागी चौकटीच्या नळ्या एकत्र येतात, तेथेच ही जोडणी असावी. अखंड ॲक्सल असेल तर पुढे-मागे धरणारे चार दांडे आणि आडवे सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड किंवा वॉट जोडणी हवी. पिनियन आणि गिअरबॉक्स यांचे कोन एकमेकांशी जुळलेले नसतील तर प्रोपेलर शाफ्ट थरथरत राहतो. या शाफ्टभोवती जाड पोलादी कडे बसवण्याला पर्याय नाही; सांधा तुटला तर फिरता शाफ्ट चालकाच्या बैठकीत शिरू नये, एवढ्यासाठी ते असते.

भंगारातून ॲक्सल घेताना काही साध्या चाचण्या पुरतात. तेल काढून त्यात धातूचे कण चमकतात का, ते पाहावे. अत्यंत बारीक भुकटी सामान्य झिजेची खूण आहे. दाताचा तुकडा सापडला तर तो ॲक्सल तेथेच ठेवावा. पिनियन हाताने पुढेमागे करून मोकळी जागा जोखावी. दोन्ही चाके बरोबर एक फेरी फिरवून पिनियनच्या फेऱ्या मोजल्या की गुणोत्तर कळते. क्राऊनच्या दातांना रंग लावून फिरवले असता उमटणारा ठसा दाताच्या मध्यावर असला पाहिजे. तो टोकाला सरकलेला असेल, तर चक्रे पुन्हा बसवण्याचे कौशल्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदलतात, कारण ती एकमेकांबरोबर घासूनच तयार झालेली असतात.

कायद्याची चौकट आणि आपल्याकडचे चित्र

ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या प्रत्येक मोटारीला रस्त्यावर येण्यापूर्वी स्वतंत्र तपासणीतून जावे लागते. २००९ पासून या तपासणीचे सध्याचे स्वरूप लागू आहे. ब्रेक, हँडब्रेक, टोकदार कडा, सारे काही तपासले जाते. भारतात अशी वाट नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. नव्या वाहनाच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मान्यता घ्यावी लागते आणि ही प्रक्रिया एका हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे. त्यामुळे आपल्याकडे अशी मोटार बांधणाऱ्याने ती खासगी आवार किंवा शर्यतीचा ट्रॅक यांपुरतीच मर्यादित धरणे प्रामाणिकपणाचे ठरते.

तरीही हा विषय मराठी तरुणांना परका नाही. ‘सुप्रा’ आणि ‘फॉर्म्युला भारत’ या स्पर्धांसाठी अभियांत्रिकीचे विद्यार्थी दरवर्षी मोटारसायकलचे इंजिन असलेली एक आसनी मोटार स्वतः घडवतात. त्यांच्या मोटारीत प्रोपेलर शाफ्टऐवजी साखळी असते; पण वजन किती, टायरची पकड किती, पीळ किती आणि तो कोणत्या शाफ्टने सोसायचा, हे प्रश्न तेच असतात.

या साऱ्यातून निवडीचा एक क्रम हाती लागतो. आधी मोटारीचे वजन आणि टायर ठरवावेत, त्यावरून ॲक्सलला सोसावा लागणारा खरा पीळ काढावा, मग वापर पाहून रचना आणि गुणोत्तर निवडावे आणि शेवटी खिशाकडे पाहावे. पुष्कळदा उलटे घडते. आधी इंजिन विकत घेतले जाते, मग स्वस्तात मिळालेला ॲक्सल आणला जातो आणि दोघांचे जमवण्यात वर्ष जाते. पैसे कमी पडत असतील तर इंजिन काही काळ लहान असले तरी चालेल. ते पुढे बदलता येते. मात्र पुढच्या इंजिनाचा विचार करून ॲक्सल पहिल्याच दिवशी भक्कम घ्यावा. कमी ताकदीची मोटार थोडी उशिरा पोहोचेल. पण कमकुवत ॲक्सलची मोटार पोहोचेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.